फाशीविरोधी निदर्शने कायद्याच्या चौकटीत कशी करावीत

महाराष्ट्रात फाशीच्या प्रश्नावर निघणारे बहुतेक मोर्चे ‘फाशी द्या’ म्हणणारे असतात. कोपर्डीनंतर २०१६ मध्ये निघालेले मूक मोर्चे आणि ऑगस्ट २०२४ मधला बदलापूर स्थानकातला रेल रोको, दोन्हीकडे मागणी तीच होती. ‘फाशी नको’ म्हणणारे थोडे असतात, बघ्यांची सहानुभूती त्यांच्या वाट्याला येत नाही आणि पोलीस पहिल्यापासून सावध असतात. त्यामुळे या बाजूच्या आंदोलनाला चूक परवडत नाही. एक दगड पडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दगडच उरतो.

दुसरे असे की या बाजूचा मुद्दा मुळात प्रक्रियेचा असतो. महाराष्ट्रातल्या एका दरोडा आणि खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशी झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये शाळेच्या नोंदीवरून मान्य झाले. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. ही दोन प्रकरणे प्रत्येक पत्रकात असावीत, कारण दोन्हीकडे माणसे वाचली ती अर्ज, तारखा आणि कागदपत्रांमुळे. नियम शेवटपर्यंत पाळा, असे सरकारला सांगणाऱ्यांनी मैदानाची परवानगी न काढता बसायचे, हे शोभत नाही आणि उपयोगाचेही नाही.

आधी प्रकरण कुठे अडले आहे ते बघा

मागणी कोणाकडे करायची, हे टप्प्यावरून ठरते. इथे गफलत झाली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या दारात जाते.

सत्र न्यायालयाने फाशी दिली म्हणजे ती अमलात येऊ शकते असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४०७ प्रमाणे ती उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील, मग त्याच न्यायालयाने निकाल पुन्हा तपासावा म्हणून पुनर्विलोकन अर्ज (२०१४ पासून फाशीच्या प्रकरणात तो खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे ऐकला जातो), मग उपचारात्मक याचिका, म्हणजे पुनर्विलोकन फेटाळल्यावर त्याच न्यायालयाकडे करायचा शेवटचा अर्ज. दयेचा अर्ज वेगळा. संविधानाच्या अनुच्छेद १६१ खाली तो राज्यपालांकडे जातो, अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींकडे. १ जुलै २०२४ पासून त्याला मुदती आहेत, त्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये दिल्या आहेत. अपील किंवा पुनर्विलोकन फेटाळल्याचे तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज, आणि राज्यपालांनी नाकारल्यास ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे.

जोवर प्रकरण न्यायालयात आहे, तोवर त्या विशिष्ट खटल्यावर मोर्चा काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. न्यायाधीशांनी गर्दी ऐकू नये, हाच तर आपला आग्रह आहे. ‘फाशी द्या’ म्हणणाऱ्या गर्दीपुढे न्यायालयाने झुकू नये असे म्हणायचे आणि आपली गर्दी मात्र न्यायालयाच्या फाटकावर न्यायची, हे जमत नाही. शिवाय आरोपीच्या वकिलाला त्याचा त्रासच होतो. या काळात काम करायचे असेल तर फाशीच्या शिक्षेवर सर्वसाधारण कार्यक्रम घ्या. १० ऑक्टोबर हा जागतिक मृत्युदंडविरोधी दिन २००३ पासून पाळला जातो, त्याच्या आसपास सभा, प्रदर्शन, मूक रांग. मागणी संसदेकडे करा. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधल्या २६२ व्या अहवालात दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली होती. ती मान्य करा, ही मागणी कुठल्याही तारखेला, कुठल्याही खटल्याला धक्का न लावता करता येते.

प्रकरण दयेच्या अर्जापर्यंत आले की चित्र बदलते. आता निर्णय सरकारचा आहे आणि सरकारवर लोकमताचा दबाव आणणे हा लोकशाहीतला सरळ व्यवहार आहे. खरी निदर्शने इथे करायची.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. दोषी व्यक्तीच्या वकिलाला आणि घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही जाहीर करू नका. कलम ४७२ खालचा अर्ज दोषी व्यक्तीने, तिच्या कायदेशीर वारसाने किंवा नातेवाइकाने करायचा असतो. तुमच्या दहा हजार सह्या म्हणजे दयेचा अर्ज नव्हे, त्या अर्जाला दिलेला पाठिंबा आहे. उत्साहाच्या भरात कोणीतरी परस्पर ‘दयेचा अर्ज’ म्हणून कागद पाठवतो, त्यात कारणे अर्धवट असतात, पुनर्विलोकन अजून बाकी असते आणि मग वकिलाला तो घोळ निस्तरत बसावे लागते.

निवेदन: कोणाच्या टेबलावर

राज्यपाल आणि राष्ट्रपती हा अधिकार स्वतःच्या मर्जीने वापरत नाहीत, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. म्हणजे फाइल मुंबईत गृह विभागात आणि दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयात तयार होते. निवेदनाच्या वर नाव राज्यपालांचे किंवा राष्ट्रपतींचे असू द्या, पण प्रत गृह विभागाच्या अपर मुख्य सचिवांना गेलीच पाहिजे. पुण्यातल्या एका बलात्कार-खून प्रकरणात ९ डिसेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दयेच्या अर्जांसाठी गृह किंवा तुरुंग विभागात स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितले. त्या कक्षाच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे वेगळी प्रत द्या. जिल्ह्यात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवा. तिथे आवक क्रमांक मिळतो आणि तो पुढे कामाला येतो.

मजकूर दीड पानाच्या वर नको. पहिल्या परिच्छेदात खटला क्रमांक, न्यायालय, निकालाची तारीख आणि अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते. दुसऱ्यात कारणे, आणि तीही न्यायालयांनी याआधी मानलेली: अर्जाच्या निकालाला झालेला अवाजवी विलंब, मानसिक आजार, एकांत कोठडी, गुन्ह्याच्या वेळचे वय, वकील नीट न मिळणे, एकाच गुन्ह्यातल्या दोन दोषींना वेगळी शिक्षा. विलंब, मानसिक आजार आणि एकांत कोठडी ही कारणे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात मान्य केली आहेत. विलंबाचे महाराष्ट्रातले उदाहरण हवे असेल तर कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींचे द्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली ती केवळ सरकारी दिरंगाईमुळे. वर सांगितलेल्या पुण्याच्या बलात्कार-खून प्रकरणातही तेच झाले. राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये अर्ज फेटाळला, पण वॉरंट, म्हणजे फाशीची तारीख ठरवणारा न्यायालयाचा आदेश, निघायला २०१९ उजाडले.

तिसऱ्या परिच्छेदात मागणी, एका वाक्यात: ‘फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलावी.’ ‘सुटका करा’ असे लिहू नका, तुम्हाला सुटका हवी असली तरी. तिथे अर्ज वाचणारा अधिकारी पहिल्याच ओळीला कागद बाजूला ठेवतो. आणि बळी पडलेल्या कुटुंबाबद्दल एक प्रामाणिक वाक्य असू द्या. ते औपचारिक वाटले तर नसलेलेच बरे.

सह्या घेताना प्रत्येक पानावर निवेदनाचा पूर्ण मजकूर छापलेला हवा. नुसत्या रेघोट्यांच्या पानावर घेतलेल्या सह्या नंतर कुठल्या कागदाला जोडल्या, असा प्रश्न निघतो आणि त्याला उत्तर नसते. नाव, गाव, सही, तारीख एवढे पुरे. आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांक मागू नका.

जागा आणि परवानगी

मुंबईत मोर्चा मंत्रालयापर्यंत जात नाही, आझाद मैदानातल्या राखीव भागातच बसावे लागते. तिथल्या परवानगीला तास आणि माणसे यांची मर्यादा असते. ऑगस्ट २०२५ च्या मराठा आरक्षण आंदोलनाला सुरुवातीची परवानगी एका दिवसाची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आणि पाच हजार लोकांपुरती होती, यावरून अंदाज यावा. नागपुरात एरवी संविधान चौक, आणि हिवाळी अधिवेशन असेल तर यशवंत स्टेडियम परिसरातून निघून पोलिसांनी ठरवलेल्या नाक्यावर थांबायचे. अधिवेशनाचा एक फायदा असा की शिष्टमंडळाला मंत्र्यांच्या भेटीला नेण्याची तिथे रूढ पद्धत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची ठरलेली जागा.

टाळायच्या जागा: न्यायालय, तुरुंग, न्यायाधीशांचे निवासस्थान, बळी पडलेल्या कुटुंबाचे घर किंवा गल्ली. न्यायालय, रुग्णालय आणि शाळा यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेले असू शकतात. रस्ता अडवून बसण्याच्या भानगडीत पडू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीनबागच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, हे स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूला, सरसकट बंदी घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या हिंमतलाल शहा निकालापासून ठरलेले आहे. या दोन टोकांच्या मध्ये तुमची परवानगी बसते.

अर्ज किमान आठ-दहा दिवस आधी, स्थानिक पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे द्या. तीन प्रती न्या: एक ठाण्याची, एक विशेष शाखेसाठी, तिसरीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन ती परत आणा. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ असे सांगितले तर ठेवून जाऊ नका. तासभर थांबा, नाहीतर त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल करा.

अर्जात लिहायचे ते असे: संघटनेचे नाव (नसेल तर तीन जबाबदार व्यक्तींची नावे, पत्ते, फोन), विषय, तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, जमणाऱ्यांची संख्या, येण्याजाण्याची वाहने, मोर्चा असेल तर वळणागणिक मार्ग, ध्वनिक्षेपकाचे हॉर्न किती, फलक किती, स्वयंसेवक किती, निवेदन कोणाला देणार. संख्या फुगवू नका. पोलीस बंदोबस्त त्या आकड्यावर लावतात. दोन हजार लिहून साठ जण आले की पुढच्या वेळी तुमच्या अर्जाकडे कोणी गंभीरपणे बघत नाही, आणि शंभर लिहून हजार आले तर अटींचा भंग तुमच्या नावावर. विषयात ‘मृत्युदंडाविरुद्ध शांततामय निदर्शने व निवेदन’ एवढेच पुरे. दोषी व्यक्तीचे नाव विषयाच्या ओळीत आले की अर्ज ‘कायदा व सुव्यवस्था’ या गठ्ठ्यात जातो.

ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. मैदान पालिकेचे असेल तर पालिकेची, मंडप घातला तर मंडपाची, वाहतूक वळवायची असेल तर वाहतूक शाखेची. खरे तर शंभर-दीडशे जणांना मंडप, स्टेज, लायटिंग काही लागत नाही. हातातला एक मेगाफोन बास.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ इथे सगळ्यात जास्त आडवे येते. ३७(३) खाली जमावबंदी असते. ती राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, पण मोठ्या शहरांत एक आदेश संपताच दुसरा निघतो, त्यामुळे ती जवळपास कायम असते. आदेशाची प्रत मागून घ्या आणि नीट वाचा. ‘सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने होणारे कार्यक्रम वगळून’ अशा अर्थाचा अपवाद बहुधा असतो, आणि तुमचा अर्ज त्या अपवादात बसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा आदेश (जुने १४४) वेगळा. त्याची मुदत दोन महिने.

नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे अवघड जाते. लेखी नकारावर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि तिथे काय मांडायचे त्याचा नमुना घरातच आहे. नागरिकत्व कायद्याविरुद्ध माजलगावात धरणे धरायला कलम ३७ च्या आदेशाचा आधार घेऊन नकार दिला गेला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो रद्द केला आणि एका कायद्याला विरोध केला म्हणून आंदोलकांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असे बजावले. याचिकेला वेळ लागतो, म्हणून तर अर्ज आठ-दहा दिवस आधी.

नोटीस येईलच. ‘१४९ ची नोटीस’ म्हणून जी सगळ्यांना माहीत आहे ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. ती मिळाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असे नाही. ती घ्या, पोच द्या, आणि दोन ओळींचे उत्तर द्या: परवानगीचा क्रमांक आणि अटी पाळण्याची हमी. नोटीस घ्यायला टाळाटाळ केली तर ती दारावर चिकटवून तिचा फोटो काढला जातो आणि पुढे तोच तुमच्या विरोधात वापरला जातो.

फलकावर काय, तोंडी काय

अवमानाची भीती दाखवून गप्प बसवणारे पुष्कळ भेटतात, आणि ‘काही होत नाही’ म्हणून काहीही लिहिणारेही. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ५ सांगते की ऐकून अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही. न्यायालयाची बदनामी करणारे किंवा चालू खटल्यात ढवळाढवळ करणारे लिखाण मात्र फौजदारी अवमानात येते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

व्यवहारात हे असे उतरते. ‘या पुराव्यावर फाशी देणे चूक आहे’ असे अंतिम निकालानंतर चालते. ‘न्यायाधीश विकले गेले’ कधीच चालत नाही. ‘राज्यपाल महोदय, शिक्षा जन्मठेपेत बदला’ चालते. ‘फाशी दिली तर शहर पेटेल’ हा फलक नव्हे, तो तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. ‘फाशी हा सरकारी खून’ ही घोषणा जगभर दिली जाते आणि ती कायद्यात बसते, पण इथल्या रस्त्यावर ती उलटते. समोरचा ताबडतोब विचारतो, मग पहिला खून कोणी केला? त्यापेक्षा ‘चूक झाली तर फाशी परत घेता येत नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला थांबवते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव, फोटो, गाव किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील पत्रकात, फलकावर, भाषणात येता कामा नये. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. पीडिता हयात नसली तरी नाव उघड करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘फाशी द्या’ वाले मोर्चे हे सर्रास मोडतात म्हणून तुम्हालाही सूट मिळेल, या भ्रमात राहू नका.

दोषी व्यक्तीचा फोटोही नको. विशेषतः बॉम्बस्फोट किंवा दहशतवादाच्या प्रकरणात फोटो, हार, ‘अमर रहे’ यातले काहीही दिसले की विषय फाशीचा राहत नाही, उदात्तीकरणाचा होतो, आणि मग दोन समाजांत तेढ वाढवण्याचे न्याय संहितेचे कलम १९६ लावायला जागा मिळते. ३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात झालेल्या फाशीच्या आधी खासदार, निवृत्त न्यायमूर्ती आणि इतरांनी राष्ट्रपतींना सह्यांचे पत्र दिले होते. त्यात कायद्याचे मुद्दे होते, म्हणून त्यावर कायद्याची चर्चा झाली.

फलक पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, साधारण दोन फूट बाय तीन फूट, एका फलकावर सहा-सात शब्द. काठी बांबूची किंवा लोखंडाची नको. पोलीस ती काढून घेतात आणि ते बरोबरच आहे. पुठ्ठ्याच्या नळ्या वापरा किंवा हातात धरा. सगळे फलक एकाच ठिकाणी तयार करा. घरून आणलेला फलक स्वयंसेवकाने वाचल्याशिवाय वर जाऊ नये.

प्रत्यक्ष दिवस

दर वीस-पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक, दंडाला पांढरी फीत, आणि प्रत्येकाकडे परवानगीची झेरॉक्स. अटींचे पान मोठ्याने वाचून सुरुवात करा. लोकांना वेळ, जागेच्या सीमा आणि ‘कोणी डिवचले तरी उत्तर नाही’ हे कळले पाहिजे. दोघे जण पूर्ण वेळ व्हिडिओ काढतील, तोही तारीख-वेळ दिसेल असा. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान झाले तर आयोजकांवर जबाबदारी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालापासून आहे, आणि तुमच्याकडचा सलग व्हिडिओ हाच तेव्हा बचाव असतो. तुकड्या-तुकड्यांचे रेकॉर्डिंग कामाचे नाही.

मूक निदर्शनच करा. घोषणांना प्रतिघोषणा येतात, शांततेला येत नाहीत. कोपर्डीनंतरच्या मूक मोर्च्यांची मागणी आपल्या नेमकी उलट होती, पण महिला पुढे, स्वयंसेवकांची साखळी, नेत्यांची भाषणे नाहीत आणि मागे झाडलेला रस्ता, हे सगळे तिथून जसेच्या तसे उचलावे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्र बंदला मनाई केली, तेव्हा राजकीय पक्षांनीही दुसऱ्या दिवशी तोंडाला काळ्या फिती लावून निदर्शने केली. बंद पुकारण्याचा विचारच करू नका.

‘फाशी द्या’ म्हणणारा गट समोर येणार हे गृहीत धरा. पोलिसांना आदल्या दिवशी सांगा, मध्ये मोकळी जागा मागा. बळी पडलेल्या कुटुंबातले कोणी आले तर मेगाफोन खाली ठेवा. त्यांना बोलायचे असेल तर बोलू द्या, वाद घालू नका, त्यांच्यासमोर पत्रकारांना मुलाखती देऊ नका. वेळ संपायला अर्धा तास असताना पाच जणांचे शिष्टमंडळ निवेदन द्यायला पाठवा आणि परवानगीच्या वेळेआधी पाच मिनिटे मैदान सोडा.

मुले आणू नका. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम आडवे येतात. त्यांना निदर्शनाला बोलावण्याआधी नियम वाचून स्वतः ठरवू द्या.

आमरण उपोषण आणि आत्मदहनाचा इशारा, हे दोन प्रकार आपल्याकडे निवेदनात सहज लिहिले जातात. लिहू नका. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न हा न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा आहे, पण खरे कारण ते नाही. ऑगस्ट २०११ मध्ये तमिळनाडूत तिघांच्या फाशीची तारीख ठरल्यावर कांचीपुरममध्ये एका तरुणीने स्वतःला पेटवून घेतले आणि तिचा जीव गेला. फाशी थांबली ती दोन दिवसांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या स्थगितीने. गटात कोणी असे बोलू लागले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच्या घरच्यांना कळवा आणि त्या दिवशी त्याला निदर्शनाला आणू नका.

पोलिसांनी अडवले तर

पाच किंवा अधिक माणसांचा जमाव पांगवण्याचा आदेश अधिकारी देऊ शकतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४८; खालची अटकेची कलमेही त्याच संहितेची). आदेश चुकीचा वाटला तरी जागेवर वाद घालू नका. ‘आदेश कोणत्या कलमाखाली, कोणी दिला’ एवढे विचारा, व्हिडिओत येऊ द्या, आणि उठा. भांडायची जागा दुसऱ्या दिवशीचे उच्च न्यायालय. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणे बंधनकारक आहे, आणि आंदोलकांना गाडीत घालून दिवसभर बसवून संध्याकाळी सोडणे हे बहुधा कलम ६९ मध्ये बसवले जाते.

अटक झाली तर कारण सांगणे बंधनकारक (कलम ४७), २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेणे बंधनकारक (कलम ५८). सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रियांना अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते (कलम ४३). प्रतिबंधात्मक अटक कलम १७० खाली होते, तीही २४ तासांपुरती. दोन वकिलांचे फोन नंबर प्रत्येकाने हातावर पेनाने लिहून ठेवावेत, कारण मोबाइल आधी जमा होतो. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या जबाबावर सही नाही. बाहेर थांबलेल्या एकाने कोण, कुठल्या ठाण्यात, किती वाजता ही यादी ठेवायची.

नंतरचे काम

निवेदन दिल्यावर आवक क्रमांक घेतला असेल तरच पुढचे पाऊल टाकता येते. तीस दिवसांनी माहितीच्या अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये. राज्याच्या अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, केंद्राकडे ५०० शब्द. प्रश्न तारखांचे असू द्या: अर्ज कधी मिळाला, राज्याचा अभिप्राय कधी मागवला, कधी पाठवला, सध्या कोणत्या कार्यालयात आहे. ‘मंत्रिमंडळाने काय सल्ला दिला’ असे विचारले तर उत्तर नकार असते, आणि त्यासोबत इतर प्रश्नही लटकतात. या तारखा दोषीच्या वकिलाला द्या. विलंबाची याचिका उभी राहते ती याच तारखांवर.

राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला तर तो निर्णय ४८ तासांत राज्याच्या गृह विभागाला आणि तुरुंग अधीक्षकांना कळवायचा असतो. शत्रुघ्न चौहान निकालाप्रमाणे फेटाळल्याची सूचना मिळाल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस गेले पाहिजेत आणि घरच्यांना आधी कळवले पाहिजे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारमध्ये फाशी झाली तेव्हा घरच्यांना पत्र नंतर पोचले होते. हा नियम त्यानंतरचा. डिसेंबर २०२४ च्या निकालाने वॉरंट हातात पडल्यापासून पूर्ण १५ दिवसांचे अंतरही घातले आहे. या दिवसांत पहिला दिवस वकिलाचा. वॉरंटची तारीख, ते कोणत्या न्यायालयाने काढले, दोषीला सुनावणीची नोटीस मिळाली का, प्रती मिळाल्या का, हे तपासून घ्यायचे.

महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच कारागृहांत आहे, आणि त्या दिवसांत दोन्हींच्या परिसरात जमावबंदी लागते. तिथे जमू नका. मेणबत्ती सभा घ्यायची तर ती नेहमीच्या परवानगीच्या जागी, नेहमीच्या अर्जाने, आणि वकिलाला विचारून. रात्री उशिरा न्यायालयात सुनावणी चालू असू शकते. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय पहाटे तीनच्या सुमाराला बसले होते. तेव्हा बाहेरून दिलेली एक चुकीची बातमी, ‘स्थगिती मिळाली’ किंवा ‘फेटाळली’, गर्दीचे डोके फिरवायला पुरते. म्हणून त्या रात्री गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, आणि त्यानेही वकिलाचा फोन आल्याशिवाय काही टाकू नये.